वेळेचा मायना

गोदावरीच्या काठावरचे पुणतांबे हे राहाता तालुक्यातले गाव. तिथे चांगदेवांची समाधी आहे. चांगदेवांनी काळाला चौदाशे वर्षे चकवले, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मरणाची घटका आली की प्राण ब्रह्मांडी चढवून बसायचे आणि घटका टळली की पुन्हा देहात उतरायचे. अशा या योग्याच्या कानावर ज्ञानदेवांची कीर्ती आली आणि त्यांना पत्र लिहावेसे वाटले. कागद पुढ्यात घेतला, बोरू उचलला आणि पहिल्याच ओळीला घोडे अडले. मायना काय लिहायचा? ‘चिरंजीव’ लिहावे तर मुलगा ज्ञानाने थोर. ‘तीर्थरूप’ लिहावे तर वयाने कोवळा. काही केल्या ठरेना. शेवटी चांगदेवांनी कागद कोराच पाठवून दिला. तो पाहून मुक्ताबाई हसली म्हणे, चौदाशे वर्षे जगून हा कोराच राहिला!

सिद्धीचा गर्व कसा उतरतो, हे सांगायला कीर्तनकार ही कथा घेतात. मला मात्र ती वेळेची कथा वाटते. चांगदेवांना वेळेची टंचाई नव्हती. शिस्त होती, एकाग्रता होती, पहाटे उठण्याची सवय तर असणारच. आज ‘वैयक्तिक उत्पादकता’ या नावाखाली पुस्तकांतून, व्याख्यानांतून आणि मोबाइलच्या अ‍ॅपमधून जे जे विकले जाते, ते सगळे या माणसापाशी भरपूर होते. अडले ते मायन्यापाशी. पत्र कोणाला आणि कोणत्या नात्याने, हेच ठरले नाही, म्हणून मजकूर उमटला नाही.

आपलेही तेच झाले आहे, असे माझे म्हणणे आहे. वेळ कमी पडतो ही तक्रार खरी आहे, पण ती दुसऱ्या क्रमांकाची. पहिली अडचण अशी की, वाचवलेल्या वेळेवर आपण कोणाचे नावच घालत नाही. नाव न घातलेला वेळ बेवारस मालासारखा असतो. जो पहिल्यांदा हात घालील त्याचा तो होतो.

राहात्यातला एक तरुण डोळ्यांपुढे आणा. हा कोणी ठरावीक माणूस नाही. नगर-मनमाड रस्त्यावर असे पुष्कळ भेटतील. घरची दोन एकर पेरूची बाग, गोठ्यात दोन गाई, शिर्डीतल्या एका हॉटेलात नोकरी, उशाला स्पर्धा परीक्षेची पुस्तके आणि एक लहान मुलगी, जी बाप घरी येतो तेव्हा बहुधा झोपलेली असते. कामे खूप झाली म्हणून त्याने वेळ वाचवायला सुरुवात केली. बागेत ठिबक आले, गोठ्यात कडबाकुट्टी आणि दूध काढायचे यंत्र आले, वीजबिल आणि सोसायटीचा हप्ता मोबाइलवरून जाऊ लागला. हिशेब केला तर दिवसाचे दोन-अडीच तास मोकळे व्हायला हवेत. पण तीन वर्षांनी पाहावे तर गोठ्यात चार गाई आहेत, हॉटेलात जादा पाळी आहे, मोबाइलवर रोजची दीड तासाची करमणूक आहे. आणि पुस्तके उशालाच आहेत. वाचवलेला वेळ चोरीला गेलेला नाही. त्याच्यावर नाव नव्हते, एवढेच.

हा त्या तरुणाचा आळस म्हणून सोडून देता येत नाही. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली कोळशाबद्दल नेमके हेच दाखवले होते. वाफेची इंजिने कमी कोळशात चालू लागली, तेव्हा इंग्लंडचा कोळसा वाचेल असे लोकांना वाटले. उलट इंजिने स्वस्तात चालतात म्हणून ती जागोजागी बसली आणि कोळसा जास्तच जळू लागला. हे कळायला आपल्याला इंग्लंडला जायची गरज नाही. ठिबक बसवल्यावर वाचलेल्या पाण्यात विहिरीची पातळी वाढवणारा शेतकरी विरळा. बहुतेक जण त्या पाण्यावर आणखी एक एकर ऊस लावतात. काटकसर ही बचत होण्यासाठी आधी तिला मर्यादा ठरवून द्यावी लागते. नाहीतर ती नव्या खर्चाची सोय होते.

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. नागपूर-मुंबईचा प्रवास निम्म्यावर आला, ही मोठीच गोष्ट. पण त्या रस्त्यावरून शिर्डीला येणाऱ्या कुटुंबाला विचारा, वाचलेले तास कुठे गेले? पूर्वी जे दोन दिवस काढून यायचे, ते आता एका दिवसात दर्शन, शनिशिंगणापूर आणि परतीचा रस्ता असे तिन्ही उरकतात. रस्त्याने तास दिले. त्या तासांचे काय करायचे हे सांगणे रस्त्याचे काम नाही.

उत्पादकतेची बहुतेक पुस्तके रस्त्याचेच काम करतात. यादी कशी करावी, टपाल कसे निकालात काढावे, पंचवीस मिनिटांचे तुकडे कसे पाडावेत, हे त्यांत असते आणि ते उपयोगीही असते. मी त्यांची टिंगल करत नाही. ठिबकची टिंगल कोण करील? माझी तक्रार क्रमाबद्दल आहे. पाणी कोणत्या पिकाला द्यायचे हे ठरायच्या आधी आपण नळ्या अंथरतो.

या तालुक्याला पाण्याची गोष्ट नव्याने सांगायला नको. उत्तरेला गोदावरीचा उजवा कालवा, दक्षिणेला लोणी-कोल्हारच्या बाजूला प्रवरेचा डावा कालवा. दारणा धरण १९१६ च्या सुमारास झाले आणि भंडारदऱ्याचे १९२६ साली. त्यापूर्वीच्या दुष्काळी मुलखात पाणी खेळले आणि लोकांची समजूत झाली की जितके पाणी जास्त तितके पीक जास्त. काही वर्षे तसे दिसलेही. मग काळ्या, भारी जमिनीत पाणी मुरून साचले, खालचे क्षार वर आले आणि चांगल्या रानाचे चोपण झाले. जे पाणी जमिनीला द्यायला कालवे खोदले, तेच तिच्यातून बाहेर काढायला चर खोदण्याची वेळ आली.

दख्खनच्या कालव्यांवरचा हा धोका ज्यांनी आधीच ओळखला, त्यांत मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, मुंबई इलाख्याच्या नोकरीत असताना, त्यांनी कालव्यांसाठी ब्लॉक पद्धत मांडली. तिचे सार असे, की एका ब्लॉकमधल्या सगळ्या जमिनीत ऊस घ्यायचा नाही. काही भागातच घ्यायचा, उरलेल्या भागात कमी पाण्याची हंगामी पिके घ्यायची आणि दरवर्षी भाग फिरवायचा. धुळे-नाशिककडची जुनी फड पद्धत याच शहाणपणावर चालत आलेली आहे. या पद्धतींत कोणी कोणाला पाणी कमी दिले असे होत नाही. प्रत्येक तुकड्याला आपली पाळी येते आणि आपला विसावाही मिळतो.

तासांचे पाण्यासारखेच आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले आणि देशभर वाद पेटला. वादाचे दोन्ही पक्ष तास मोजत राहिले. एक म्हणे सत्तर, दुसरा म्हणे अठ्ठेचाळीस. चोपण झालेल्या रानाच्या बांधावर उभे राहून किती इंच पाणी द्यावे यावर भांडावे, तसे ते होते. जमिनीला काय पेलते आणि तिला कोरडे व्हायला वेळ कधी मिळतो, हा प्रश्न राहूनच गेला.

आपल्या शेतीच्या भाषेत या कोरडे होण्याला फार चांगला शब्द आहे: वाफसा. पाणी दिले किंवा पाऊस पडला की लगेच रानात औत घालत नाहीत. जमिनीत ओल राहिली पाहिजे आणि हवाही खेळली पाहिजे. ती अवस्था येईपर्यंत थांबतात. घाई करून ओल्या काळ्या रानात नांगर घातला तर ढेकळे निघतात आणि पुढे हंगामभर ती फोडत बसावे लागते. काम आणि घर यांच्यात ‘संतुलन’ साधा, असे सांगणाऱ्यांच्या मनात तराजू असतो: एका पारड्यात नोकरी, दुसऱ्यात कुटुंब, आणि काटा मधोमध. मला वाटते, तराजूऐवजी वाफसा मनात ठेवला तर बरेच काही उलगडते. रात्री दहा वाजता हॉटेलची पाळी संपवून, गिऱ्हाइकाची बोलणी डोक्यात घेऊन आलेला माणूस सव्वादहाला अर्थशास्त्राचे पुस्तक उघडतो, तेव्हा त्याच्याकडे वेळ असतो, वाफसा नसतो. एक पान वाचायला तास लागतो. ती ढेकळे आहेत. अर्धा तास गोठ्याच्या ओट्यावर नुसते बसून मग पान उघडले असते तर तेच पान वीस मिनिटांत झाले असते. बाहेरून पाहणाऱ्याला तो अर्धा तास फुकट गेलेला दिसतो.

शिर्डीच्या शेजारी राहणाऱ्यांना हे रोज दिसते, पण आपण त्याकडे असे पाहत नाही. साईमंदिराचा दिवस काकड आरतीने उघडतो आणि शेजारतीने मिटतो. शेजारती म्हणजे देवाला निजवणे. लांबून आलेले भाविक बाहेर असले तरी उत्सवाच्या रात्री सोडल्या तर मंदिर मिटते. देवालाही शेजारती आहे. भोवतालच्या हॉटेलांच्या काउंटरला नाही, आणि आपल्या खिशातल्या मोबाइलला तर नाहीच नाही.

आता राहात्याच्या पेरूकडे वळतो, कारण वेळेबद्दलचे माझे बरेचसे शहाणपण या झाडाकडून उसने घेतलेले आहे.

पेरूचे झाड मोकळे सोडले तर ते वर्षातून दोन-तीनदा फुलते. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार. फुलायला त्याची ना नसते. पण तिन्ही बहार घेऊ दिले तर झाडावर बाराही महिने काही ना काही असते आणि बाजारात न्यावे असे थोडेच असते. पावसाळ्यात येणारे फळ पाणचट निघते, फळमाशी पडते. हिवाळ्यातल्या फळाला गोडी येते, पण तोवर झाडाचे बळ वाटून गेलेले असते. म्हणून बागायतदार ‘बहार धरतो’. एक बहार निवडतो आणि बाकीचे येऊ देत नाही. मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात पाणी तोडतात. झाड पाने गाळते, बाग उघडी पडते, नवख्याला वाटते की वाळली. मग छाटणी, खत, आणि वेळ झाली की पाणी. झाड एकदम फुटते, एकदम फुलते.

हे पाणी तोडणे म्हणजे ‘ताण देणे’. ‘यंदा बाग ताणावर आहे,’ असे सहज म्हणतात. नोकरदाराच्या तोंडी आलेला ‘ताण’ आणि बागेतला ‘ताण’ हे शब्द एकच. पण त्यांच्यातला फरक पाहण्यासारखा आहे. बागेतला ताण माणूस ठरवून देतो, कशासाठी देतो हे त्याला माहीत असते, आणि तो कधी तोडायचा हेही ठरलेले असते. हलक्या रानात थोडे दिवस, भारी रानात जास्त. ठरल्या दिवसापेक्षा ताण लांबला तर फुले येत नाहीत, फांद्या वाळतात. आपल्या आयुष्यातल्या ताणाला सुरुवातीची तारीख नसते, शेवटचीही नसते, आणि त्यातून कोणता बहार यायचा आहे हे कोणालाच ठाऊक नसते. तो सोसण्याचे कौतुक होते, तोडण्याची तारीख मात्र कोणी विचारत नाही.

मायना घालणे म्हणजे बहार धरणे. नोकरीत बढती, परीक्षा, बागेचा विस्तार, स्वतःची तब्येत, एखादी राहून गेलेली कला: ही सगळी फुले झाडाला येऊ शकतात. एकाच हंगामात सगळी धरली तर प्रत्येकाचे फळ लिंबाएवढे राहते, आणि माणूस म्हणतो, मी तर दिवसभर राबतो. राबतोच तो. पण ‘यंदा परीक्षा’ असे ठरवणे म्हणजे ‘यंदा बाग वाढवायची नाही, जादा पाळी घ्यायची नाही’ असेही ठरवणे. आणि हे दुसरे वाक्य मोठ्याने म्हणायला जीभ रेटत नाही. चांगदेवांचे तेच झाले. एक मायना लिहिला की दुसरा खोडला जातो, ही त्यांची अडचण होती.

इथे कोणी म्हणेल, एकाच ध्येयाचा असा ध्यास घ्यायचा तर बाकी संसाराचे काय? आक्षेप बरोबर आहे, आणि आपल्या परंपरेने तो फार निष्ठुरपणे मांडून ठेवला आहे. तेरचे गोरोबाकाका चिखल तुडवताना नामस्मरणात इतके रंगले की रांगत आलेले पोटचे पोर पायाखाली आले, हे त्यांना कळले नाही. कथा पुढे चमत्काराने सावरते, मूल परत मिळते. पण मूल पायाखाली येते तो क्षण आणि त्या आईचा आक्रोश ऐकणाऱ्याच्या मनातून जात नाही. एकाग्रतेचे गोडवे गाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला ही कथा छापावी, असे मला वाटते. आपल्याकडे चमत्कार करायला विठ्ठल येईलच असे नाही.

म्हणूनच सगळी कामे एकाच मापाने मोजता येत नाहीत. या तालुक्यात हिंडले तर कामाच्या तीन निरनिराळ्या लयी दिसतात, आणि तिघींचे नियम वेगळे आहेत.

पहिली लय गळीताची. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीतून उभा राहिला आणि १९५० च्या अखेरीस त्याचे गाळप सुरू झाले. कारखान्याचा हंगाम पेटला की दिवस-रात्र तीन पाळ्या चालतात. उसाची तोड झाली की तो वाट पाहत नाही, उतारा घटतो. त्या काळात ‘जरा संतुलन साधू’ म्हणणे वेडेपणा ठरेल. पण हंगाम संपतो. बॉयलर थंड होतो, यंत्रे उघडतात, दुरुस्ती होते. आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा बॉयलर पेटवायचा मुहूर्त. बाराही महिने गाळप करणारा कारखाना काढायचे कोणाच्या मनात येत नाही. माणसाकडून मात्र बारमाही गाळपाची अपेक्षा असते. सत्तर तासांच्या वादात हा भेद कोणी केला असता तर निम्मे भांडण मिटले असते. चार महिने झोकून काम करणे वाईट नाही. हंगाम कधी बंद होणार हे न सांगणे वाईट आहे.

दुसरी लय बहाराची. तिच्याबद्दल वर लिहिलेच.

तिसरी लय धारेची. गाईची धार सकाळी आणि संध्याकाळी काढावी लागते. काम फार नाही, पण टळत नाही आणि साठवता येत नाही. दोन वेळा चुकवली तर गाय तटते, कास सुजते, पुढे दूध आटते. मुलगी, आईवडील, बायको किंवा नवरा, स्वतःचे शरीर ही सगळी धारेची कामे आहेत. त्यांना भरपूर वेळ लागतो ही आपली गैरसमजूत आहे. त्यांना ठरल्या वेळेला येणारा माणूस लागतो. नोकरीच्या धबडग्यात आठवडाभर तोंड न दाखवता रविवारी सहलीला नेऊन भरपाई करू पाहणारे बाप पुष्कळ आहेत. पण आठवडाभराची धार रविवारी काढता येत नाही. आमच्या त्या तरुणाने रोज संध्याकाळी वीस मिनिटे, कितीही काम असले तरी, फोनवरून का होईना, मुलीशी तिच्या शाळेच्या गप्पा मारल्या तर त्याचा अभ्यास बुडत नाही. बहाराच्या नावाखाली धार बुडवणे ही गोरोबांची चूक. धार काढता काढता बहार विसरून जाणे ही आपल्यापैकी उरलेल्या बहुतेकांची.

इथपर्यंतचे सगळे ज्याच्या हातात आपल्या वेळेची दोरी आहे त्याला लागू. पण ज्याला बहार निवडायची मुभाच नाही, त्याचे काय? हॉटेलात पाळी ठरवणारा दुसरा असतो, ऊसतोडीच्या कोयत्याला मुकादमाची उचल बांधलेली असते. ‘वैयक्तिक उत्पादकता’ या शब्दांतल्या ‘वैयक्तिक’वर माझा खरा राग आहे तो इथे. वेळ वैयक्तिक नसतोच. तो आधी समाजात वाटला जातो आणि उरलेला आपल्या हाती येतो.

आज आपण ज्या रविवारच्या भरवशावर आठवड्याचे बेत आखतो, तो रविवार कोणा शिस्तप्रिय माणसाने पहाटे उठून मिळवलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत आणि सुट्टीशिवाय काम चाले. नारायण मेघाजी लोखंडे या महात्मा फुल्यांच्या सहकाऱ्याने १८८४ साली कामगारांना एकत्र करून मागण्या मांडल्या आणि १० जून १८९० पासून आठवड्याची सुट्टी मान्य झाली. रविवार हा खंडोबाचा वार, सहा दिवस धन्याचे आणि पोटाचे, एक दिवस समाजाच्या कामाचा, अशी मांडणी लोखंडे करीत, असे सांगितले जाते. ही मांडणी मला सुट्टीच्या मागणीइतकीच महत्त्वाची वाटते. त्यांनी नुसता मोकळा वेळ मागितला नाही. त्यावर नाव घालून मागितला.

आणि जून २०१७ मध्ये याच तालुक्यातून एक विलक्षण शब्द देशभर गेला: शेतकऱ्यांचा संप. पुणतांब्याच्या ग्रामसभेतून हाक निघाली आणि १ जूनपासून राज्यभर भाजीपाला, दूध बाजारात जायचे थांबले. संप हा पगारदाराचा शब्द. ज्याच्या कामाला सुरुवातीचा आणि शेवटचा भोंगा नाही, त्याने ‘आमचाही काम बंद करण्याचा हक्क आहे’ असे म्हणण्यात मोठी गोष्ट होती. भाव आणि कर्ज हे मागण्यांचे मूळ होते आणि महिन्याअखेर राज्य सरकारने कर्जमाफी जाहीरही केली. पण त्या दिवसांतली रस्त्यावर दूध ओतल्याची चित्रे आठवा. ते दूध आले कुठून? संपातही धार काढावीच लागली. दूध बंद झाले, दूध काढणे बंद झाले नाही. आणि पहाटे गोठ्यात कोण होते, हे प्रत्येक घराने आपापल्या मनाला विचारावे.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत, घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यावरचा रोजचा सरासरी वेळ २८९ मिनिटे आढळला. अशी कामे करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. शिवाय ही कामे करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट. म्हणजे आमचा तरुण पहाटे साडेचारला उठून अभ्यासाला बसतो, तेव्हा चुलीपाशी चारला उठलेले कोणीतरी असते. तिच्या दिवसावर मायन्यांची कमतरता नाही: नवऱ्याचा डबा, सासूचे औषध, मुलीची वेणी, गाईचे आंबोण. नाव नाही ते फक्त तिचे स्वतःचे. पुरुषाच्या एकाग्रतेच्या किती गोष्टी अशा दुसऱ्याच्या तासांवर उभ्या असतात! उत्पादकतेचा कोणताही उपाय मला सांगाल तर मी एकच विचारीन, यात वाचलेला तास घरातल्या कोणाच्या अंगावर पडला?

म्हणून बहार एकट्याने धरायचा नसतो. बागेत पाणी कधी तोडायचे हे ठरवताना शेजारच्याची विहीर, घरातले लग्न, मजुरांची सोय हे सगळे पाहतात. तसेच घरातही वर्षाच्या सुरुवातीला एकदा बसावे. यंदा कोणाचा बहार? यंदा त्याची परीक्षा असेल तर पुढच्या वर्षी तिचे शिवणाचे दुकान, की नर्सिंगचा राहिलेला अभ्यासक्रम? ब्लॉकसारखी पाळी फिरली पाहिजे. ज्याचा बहार आहे त्याच्या वाटची कामे बाकीच्यांनी उचलायची, पण ताण कधी तुटणार ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून. आणि धारेच्या वेळा कोणाच्याही बहारासाठी मोडायच्या नाहीत. एवढे ठरले की मग याद्या करा, अ‍ॅप घ्या, पहाटे उठा. आता ते सगळे उपयोगी पडेल, कारण नळी कुठे न्यायची हे ठरलेले आहे.

असे केल्याने सगळे साधेल, असे मी म्हणणार नाही. परीक्षेत नापास होता येते, फुललेल्या बागेवर गारपीट होते, धरलेला बहार हातचा जातो. पण गारपिटीने गेलेला बहार आणि न धरलेला बहार यांत फरक आहे. पहिल्याचे दुःख करता येते, पुढच्या वर्षी नव्याने ताण देता येतो. दुसऱ्याचे काय गेले हेच कळत नाही; वर्ष कुठे गेले, एवढेच माणूस म्हणत राहतो.

चांगदेवांच्या कोऱ्या कागदाला ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर पाठवले. ते उत्तर आजही ‘चांगदेव पासष्टी’ म्हणून वाचतात. काळाला चकवणाऱ्याला लिहिलेल्या त्या पत्रात आयुष्य वाढवायचा एकही उपाय नाही. लिहिणारा आणि वाचणारा यांचे नाते काय, एवढेच त्यात उलगडले आहे. म्हणजे जिथे चांगदेव अडले, तिथूनच ज्ञानदेवांनी सुरुवात केली. आणि लिहिणारा स्वतः एकविसाव्या वर्षी समाधिस्थ झाला. त्याच्या हाती तास किती होते, हे त्याच्या पानांवरून कोणाला सांगता यायचे नाही.

शहरात दोन माणसे भेटली की ‘काय, फार बिझी?’ असे विचारतात आणि हो म्हणण्यात दोघांनाही बरे वाटते. राहात्याच्या बाजारात पेरूवाले भेटले की वेगळे विचारतात: ‘यंदा कोणता बहार धरला?’ या प्रश्नाला ‘सगळे’ असे उत्तर दिले तर समोरचा हसेल.